ऑनलाइन गाणं शिकवताना नेटवरचं काय वापरता?

गानवर्ग_सांगली
नमस्कार मंडळी, मी मुलांना गाणं शिकवते, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून मध्यमापर्यंत परीक्षांना बसवते. काही मुलं आता परगावी गेलीत, त्यांचे क्लास व्हिडिओ कॉलवर चालतात. मी इकडे तानपुरा लावला की तिकडे थोड्या वेळात तो ऐकूच येईनासा होतो. आणि पालक सारखं विचारतात मॅडम घरी काय ऐकवू, यूट्यूबवर इतकं पडलंय की काय द्यावं कळत नाही. शक्यतो फुकटातलं सांगा.

षड्ज_पंचम
ताई, एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून सॉफ्टवेअर तो कापतं, त्यात तानपुराही जातो. झूम असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा आणि हेडफोन लावा. पण खरं सांगू का, तानपुरा मुलाच्या घरीच वाजू दे, दुसऱ्या फोनवर, त्याच्या पट्टीत, आणि तीच पट्टी तुमच्याकडेही लावा म्हणजे त्याचा सूर तपासता येतो. आवाज उशिरा पोचतो त्यामुळे एकत्र गाणं होणारच नाही, आधी तुम्ही म्हणा मग त्याने. आयतबलाप्रो हे तबला-तानपुऱ्याचं ॲप छान आहे पण विकतचं, नुसत्या तानपुऱ्याला फुकटचे ॲप पुरतात.

कोमल_रिषभ
पालकांना यादी देऊच नका हो, आठवड्याला एकच क्लिप द्या पण तीच रोज ऐकायला सांगा. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीच्या साइटवर रागांच्या छोट्या क्लिप आहेत, लहानांना तेवढंच झेपतं. बंदिशी, ताल शोधायला स्वरगंगा ही साइट. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा ऑट्रिम प्रकल्प, त्यात गाणं चालू असताना सुराची रेघ स्क्रीनवर उमटत जाते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हे तोंडाने समजावून दमायला होतं, तिथे पोरांना सूर घसरत खाली येताना चक्क दिसतो!

भूप_की_देशकार
तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी दोन सांगतो. भातखंडेंच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे, म्हणजे नोटेशनसह बंदिशींच्या पुस्तकांचे, स्कॅन आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळतात. फक्त नोटेशनच्या पलुस्कर पद्धतीच्या खुणा त्याहून वेगळ्या असतात, त्यामुळे मुलांना देताना एकच पद्धत ठेवा नाहीतर घोळ होतो. दुसरं, आपल्या गोव्याचे राजन पर्रीकर यांचे रागांवरचे लेख. इंग्रजीत आहेत पण मधे मधे रेकॉर्डिंग आहेत. भूप आणि देशकार, स्वर तेच तरी राग वेगळा का, हे नुसतं भूपचा वादी (मुख्य स्वर) गंधार नि देशकारचा धैवत असं पाठ करून कळत नाही, ऐकावंच लागतं.

गानवर्ग_सांगली
खूप आभार सगळ्यांचे, रेघेचं तर आजच दाखवते. अजून एक, बंदिशीचं नोटेशन टाइप करून पाठवायचं तर कोमलची खालची रेघ, तीव्र मध्यमाची उभी रेघ फोनवर नीट येत नाही, तुम्ही काय करता?

षड्ज_पंचम
चौकटीच्या वहीत हाताने लिहा, एका चौकोनात एक मात्रा, चौकोनांखाली तालातल्या सम नि खालीच्या खुणा, आणि फोटो पाठवा. मुलांनी तो बघून स्वतःच्या वहीत उतरवायचा. सोबत तुमच्या आवाजात स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) सावकाश म्हणून व्हॉइस मेसेज टाका, पोरं तोच सगळ्यात जास्त वेळा ऐकतात.