चिनी अभिजात कवितेतला वसंत इतका शोकमग्न का?

प्रश्न

थांग काळातील (इ. स. ६१८ ते ९०७) चिनी कविता सध्या अनुवादांतून वाचतो आहे आणि दू फूच्या ‘वसंताचे दृश्य’ या कवितेपाशी अडलो आहे. पालवी, फुले, पक्षी असे वसंताचे सगळे साहित्य तिच्यात आहे, तरीही ती शोकाची कविता आहे. संस्कृत काव्यातही वसंत विरहिणीला छळतो, पण तिथे तो मदनाचा सखा म्हणून येतो. इथे मात्र त्याची सांगड युद्धाशी आणि राज्याच्या वाताहतीशी घातलेली दिसते. चिनी वाचकाला या ऋतूच्या प्रतिमांमागे काय दिसत असते, हे जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर १

या कवितेमागचा प्रसंग आधी लक्षात घ्यायला हवा. ७५५च्या अखेरीस सेनापती आन लूशानने बंड केले, पुढच्या वर्षी राजधानी चांगआन बंडखोरांच्या हाती पडली, आणि नव्या सम्राटाकडे निघालेला दू फू वाटेतच पकडला जाऊन त्याच शहरात अडकला. बायकामुले दूर फूजोऊला होती. ७५७च्या वसंतात त्याने ही आठ ओळींची कविता लिहिली. राज्य मोडले, डोंगर आणि नद्या तेवढ्या उरल्या. शहरात वसंत आला, गवत आणि झाडे दाट माजली, अशी तिची सुरुवात आहे.

अकराव्या शतकातील इतिहासकार सिमा ग्वांग याने या दोन ओळींवर केलेले भाष्य मला आजही सर्वांत नेमके वाटते. डोंगर आणि नद्या उरल्या म्हणजे दुसरे काही उरले नाही, आणि गवत दाट झाले म्हणजे माणसे राहिली नाहीत, असे तो म्हणतो. राजधानीत वसंत म्हणजे सहलींचे दिवस; तिथे गवत माजते ते तुडवणारे पाय उरले नाहीत म्हणून. त्याच वसंतात दू फू लपतछपत शहराच्या आग्नेय टोकाच्या चूच्यांग तलावाकडे गेला होता. काठावरच्या राजवाड्यांच्या हजार दारांना कुलपे आहेत, मग कोवळे विलो आणि नवे लव्हाळे कुणासाठी हिरवे झाले आहेत, असे त्याने त्या भेटीवरच्या कवितेत विचारले आहे. ऋतू आपले काम चोख करतो आहे आणि ते पाहायला कुणी नाही, हेच त्या हिरवेपणाचे दुःख आहे.

उत्तर २

ही रीत दू फूच्या कितीतरी आधीची आहे. ‘शिजिंग’ या प्राचीन गीतसंग्रहातील एक सैनिक म्हणतो की, मी निघालो तेव्हा विलोच्या फांद्या झुलत होत्या आणि आता परततो आहे तर हिम कोसळते आहे. सतराव्या शतकातील विचारवंत वांग फूझी याने या ओळींवर लिहिताना म्हटले आहे की, सुखद दृश्यातून दुःख आणि दुःखद दृश्यातून सुख मांडले की दोन्ही दुप्पट होतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका विधानात आहे.

शिवाय काही प्रतिमा परंपरेने आधीच भारलेल्या असतात. निरोप देताना विलोची फांदी मोडून देण्याची प्रथा होती, त्यामुळे वांग चांगलिंगच्या चार ओळींच्या कवितेत एकही स्पष्टीकरण लागत नाही: दुःख माहीत नसलेली तरुण स्त्री वसंतात नटूनथटून माडीवर जाते, रस्त्याकडेच्या विलोचा रंग अचानक नजरेस पडतो, आणि पराक्रम गाजवून पदवी मिळवायला नवऱ्याला आपणच धाडले याचा तिला पश्चात्ताप होतो. वसंतातले गवत तसेच परत न आलेल्या माणसाची आठवण घेऊन येते; बाय जूयीच्या कवितेत वणव्याने जळूनही वाऱ्यासरशी पुन्हा उगवणारे गवत शेवटी निरोपाच्या व्याकुळतेनेच भरून जाते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु त्यांवरून प्रत्येक वसंत शोकाचाच असतो असा समज होऊ नये. त्याच दू फूने ७६१मध्ये चंगदूला असताना, बंड पुरते शमलेले नसतानाही, वसंतातल्या रात्रीच्या पावसावर निखळ आनंदाची कविता लिहिली आहे. चांगला पाऊस आपली वेळ ओळखतो, वाऱ्यासोबत रात्री हळूच येतो आणि आवाज न करता सर्वांना भिजवतो, असे तो म्हणतो. प्राचीन चिनी विचारात वसंत ही वाढीची वेळ होती आणि त्या ऋतूत झाडे तोडू नयेत असे विधिग्रंथात सांगितले होते. ऋतूचे भान राखणे हा राज्यकर्त्याचाही धर्म मानला जाई, म्हणून वेळेवर आलेल्या पावसात सुस्थितीतल्या जगाची आशा वाचता येते. मेंग हाओरानच्या वसंतातल्या पहाटेत मात्र मी कुठलेही राजकारण शोधणार नाही. रात्रभर वारापाऊस होता, किती फुले गळली असतील, एवढीच ती विचारणा आहे आणि ती तेवढीच राहू द्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आता एकच शंका उरते. दू फूच्या कवितेचा शेवट पांढऱ्या, विरळ केसांवर होतो. त्याचा वसंताशी काय संबंध?

उत्तर १

संबंध थेट आहे. पहिल्या ओळींत गवत दाट होत जाते आणि शेवटच्या ओळींत, तीन महिने पेटलेल्या इशाऱ्याच्या आगी आणि घरच्या पत्राची वाट पाहणे यांनंतर, चिंतेने डोके खाजवून खाजवून केस इतके विरळ होतात की त्यांत खोचलेली काडी ठरत नाही. शहरात सगळे वाढते आहे, घटतो आहे तो फक्त पाहणारा. आणि ती काडी साधी नाही; अधिकाऱ्याची टोपी केसांना तिनेच अडकवली जाई. दरबारी सेवेची आयुष्यभर आस धरलेल्या माणसाच्या केसांत तीच ठरेनाशी झाली आहे.