जुन्या दगडी घरात खालून ओल चढते आहे: इंजेक्शन करून घ्यावं का?

दगडीघर:
नमस्कार मंडळी. घर शंभर वर्षांच्या पुढचं. भिंती दगडी, दीड फूट जाड, चुन्यात बांधलेल्या, पोटात दगडमातीची भर. खालच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल आहे. रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीच्या कडेला रोज पिठासारखी पांढरी भुकटी पडते. दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा वॉटरप्रूफ गिलावा करून घेतला. सहा महिने भिंत छान दिसली, मग ओल त्या गिलाव्याच्या वरच्या काठावर हातभर उंच निघाली. आता एका ठेकेदाराने दोन सुयांचं मीटर भिंतीला लावून दाखवलं, आकडा एकदम वर गेला. रसायनाची इंजेक्शनं द्या म्हणतो. आईला दमा आहे आणि ती याच खोलीत झोपते. उशीर करायचा नाही, पण पुन्हा चुकायचंही नाही. काय करू?

चुनासुरखी:
आधी आईंना दुसऱ्या खोलीत हलवा. बाकीचं सावकाश करता येईल.

त्या मीटरवर विसंबू नका. ते मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते एवढंच ते मोजतं. तुमच्या भिंतीत क्षार भरलेत आणि क्षार असले की वीज सहज वाहते, त्यामुळे भिंत जेमतेम ओली असली तरी आकडा चढतो. खरं मोजायचं तर गिलाव्याच्या आत ड्रिलने भोक पाडून चुरा काढतात, वजन करतात, भट्टीत 105 अंशांवर सुकवून पुन्हा वजन करतात. कार्बाइडचं मीटरही चालतं (चुऱ्यातल्या पाण्याशी कार्बाइडचा संयोग होऊन वायू तयार होतो, त्याच्या दाबावरून ओल कळते), तेही असाच चुरा घेऊन.

त्याआधी डोळ्यांनी बघा. खालून चढणारी ओल बहुधा भिंतभर साधारण एका पातळीत असते, वरच्या काठावर क्षारांची पिवळट-पांढरी लाट दिसते आणि ती सहसा मीटर-सव्वा मीटरच्या पुढे जात नाही. एकाच कोपऱ्यात किंवा खिडकीखाली डाग असेल तर पन्हळ, नळ, छप्पर तपासा. कपाटामागे काळी बुरशी असेल तर ते पुष्कळदा खोलीतल्या वाफेचं पाणी असतं.

घरच्या घरी एक करता येतं. ओल्या भागावर हातभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी हवेतलं, भिंतीकडच्या अंगाला दिसले तर भिंतीतलं.

आणि मला सगळ्यात आधी हे सांगा: बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर आहे की खाली?

दगडीघर:
फॉइल काढला, भिंतीकडची बाजू ओली. टेप घेऊन बाहेरही मोजलं आणि पोटात गोळा आला. अंगणात दोनदा काँक्रीट झालंय, जुन्यावरच नवं. ते आतल्या फरशीपेक्षा 20 सेंमी वर आहे. जोत्याचा दगड पूर्ण गाडला गेलाय. शिवाय छपराच्या पन्हळीचा पाइप कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभरावर सुटतो. ओलीची सगळ्यात उंच जागा नेमकी त्याच कोपऱ्यात आहे.

चुनासुरखी:
मग दोष तिथेच आहे. खोलीच्या फरशीवरची भिंत बाहेरून जमिनीत पुरल्यासारखी झाली आहे. पाइपचं पाणी आजच दूर न्या, हे काम तासाभराचं. भिंतीलगतचं काँक्रीट दोन फूट रुंदीत फोडून जमीन आतल्या फरशीच्या निदान 15 सेंमी खाली आणा, उतार भिंतीपासून बाहेर ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर चर खणून भोकांचा पाइप आणि खडी घालता येते. मात्र चर पायाच्या तळाखाली जाता कामा नये, आणि एका दमात सगळी भिंत उघडी पाडू नका.

विटांचीभिंत:
थोडं वेगळं मत मांडतो. आमच्याकडे 12 मिमीची भोकं पाडून पाणी अडवणाऱ्या रसायनाची क्रीम भरली होती, भिंत वाळली. त्यामुळे इंजेक्शन सरसकट वाईट म्हणू नये.

चुनासुरखी:
तुमची भिंत विटांची आहे ना? तिथे मसाल्याचा सरळ सलग थर मिळतो, क्रीम त्यात पसरते आणि पाणी अडवणारा पट्टा तयार होतो. दगडी भिंतीत पाणी मुख्यतः मसाल्यातून आणि पोटातल्या भरीतून चढतं. काळा कठीण दगड स्वतः फारसं पाणी पीतच नाही. भरीत पोकळ्या असतात, मसाल्याचा थर वरखाली होतो, त्यामुळे पट्टा कुठे बनला आणि कुठे नाही हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. दीड फूट जाड भिंतीत मी तरी तो पैसा घालणार नाही.

जुनंबांधकाम:
गिलाव्याबद्दल लिहिते, कारण खरी चूक इथेच पुन्हा होते. सिमेंटने ओल थांबत नाही. भिंतीतलं पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. तो रस्ता बंद झाला की ते वर चढत राहतं, उडायला जागा मिळेल तिथपर्यंत. तुमची ओल हातभर वर गेली ती यामुळेच.

सिमेंट ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत छिन्नीने जपून काढा, दगडाच्या कडा उडवू नका. दरजांमधलं, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतलं, सिमेंटही काढा. मग भिंत उघडी ठेवून वारा लागू द्या. लोणा, म्हणजे क्षारांची ती पांढरी भुकटी, आला की कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. हे क्षार फार चिवट. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेतं, त्यामुळे खालची ओल थांबली तरी दमट दिवसांत भिंत ओलसर दिसेल. घाबरून कुणाला बोलावू नका.

वाळायला दर 25 मिमी जाडीला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे तुमची भिंत दीड वर्ष घेऊ शकते. नंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू, सोबत थोडी सुरखी (भाजक्या विटांची भुकटी). एका हाताला 10 मिमीच्या वर थर नको, आणि आधीचा थर पुरता धरल्याशिवाय पुढचा नको. वरून चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत फुकट.

दगडीघर (आठ महिन्यांनी):
कळवायचं राहून गेलं होतं. पाइप दूर नेला, काँक्रीट फोडलं, जोत्याचा दगड पुन्हा दिसायला लागला. पहिल्या दिवशी ओलीच्या वरच्या काठावर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली होती, आज ओल तिच्या 35 सेंमी खाली आहे. सुरुवातीला रोज सुपलीभर भुकटी निघायची, आता आठवड्याला मूठभर. इंजेक्शन केलं नाही. आई अजून वरच्याच खोलीत झोपते आणि भिंत पुरती वाळेपर्यंत तिथेच राहील. एक विचारायचं होतं: कोपऱ्यातला एक दगड हाताने चोळला की पापुद्रे सुटतात. तो बदलावा लागेल का?

जुनंबांधकाम:
एवढ्यात नको. क्षार बाहेर पडताना दगडाचा वरचा पापुद्रा जातो. सुटं आहे तेवढं मऊ ब्रशने काढा आणि भोवतालच्या दरजा चुन्याने, दगडापेक्षा मऊ मसाल्याने भरा. क्षार मग दगडातून येण्याऐवजी दरजेतून बाहेर पडतील. वर्षभराने पुन्हा चोळून बघा.