टायग्रेक्स कुठे आहे हे नकाशाने सांगायचं, की आपण शोधायचं?

रामबागी

भाचा तेरा वर्षांचा आहे. दिवाळीला इंदूरला आला तेव्हा स्विच या हातातल्या मशीनवर मॉन्स्टर हंटर राइज खेळत होता, मी शेजारी जाऊन बसलो. त्याने नऊ मिनिटांत टायग्रेक्स, म्हणजे त्यातलं एक अंगावर धावून येणारं अवाढव्य जनावर, पाडला. मी विचारलं, "तो वळून परत अंगावर येणार हे तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "कळलं नाही मामा. त्याने उडवलं, मी वायरबगने सावरलो." बरोबरच आहे त्याचं. राइजमध्ये फटका बसून हवेत उडालात तरी दोरी टाकून लांब जाता येतं. पण ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढला.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅपकॉमने मॉन्स्टर हंटरचा पहिला खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ वर आणला, पण जपानात त्याचं वेड पसरलं ते पीएसपी या हातातल्या मशीनमुळे. गावातून निघायचं, अवाढव्य जनावर शोधायचं, ते पाडायचं, त्याचे खवले-नख्या कापून आणायच्या आणि लोहाराकडून त्याचंच चिलखत नि हत्यार करून घ्यायचं. मग त्याहून दांडग्याच्या मागे लागायचं. पात्राची लेव्हल वाढतच नाही. शंभर तास खेळा आणि चिलखत उतरवा, आतला माणूस पहिल्या दिवशी होता तेवढाच. जे काही शिकायचं ते हातात मशीन धरणाऱ्याने.

पीएसपीवरच्या फ्रीडम युनाइट या जुन्या भागात सुरुवातीलाच बर्फाच्या डोंगरावर पोपोच्या जिभा आणायचं साधं काम मिळतं. पोपो म्हणजे केसाळ, गरीब जनावर. मी निवांत जीभ कापत बसलो होतो आणि वरून टायग्रेक्स उतरला. हातात गावठी तलवार. पळालो, धडकलो, कार्ट झालो, म्हणजे बेशुद्ध पडून गाडीवरून तळावर परत. पुढचे दोन महिने मी त्याला बघत होतो. एक धाव, गर्रकन वळण, दुसरी धाव, कधी तिसरीही. चिडला की पुढच्या पायांच्या शिरा लाल होतात. मागे भिंत ठेवून उभं राहिलं आणि ऐन वेळी बाजूला झालं की त्याचे दात भिंतीत रुततात, आणि तेवढे तीन-चार सेकंद तुमचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ज्या दिवशी तो लंगडत पळाला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

त्यात नकाशावर मॉन्स्टर दिसत नसे. आधी शोधायचा, मग पेंटबॉल, म्हणजे वासाच्या रंगाचा गोळा, मारायचा, तेव्हा कुठे काही वेळ ठिपका दिसायचा. रंगाचा वास उडाला की पुन्हा शोध. राइजमध्ये घुबड आधीच सगळं दाखवून ठेवतं, कुत्र्यावर बसायचं नि थेट दारात उतरायचं. वाटेत त्याच्या पाठीवरच हत्याराला धारही लावून होते.

माझं म्हणणं एवढंच आहे: शोधणं काढून टाकलं की शिकार उरत नाही, मारामारी उरते.

अजून एक. पीएसपीवर चौघांनी खेळायचं तर चौघं जवळ बसायलाच हवे होते. आम्ही अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांची, वाट बघत जेल रोडला एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. स्क्रीनवर समोर नार्गाकुगा हा मॉन्स्टर. गिल्ड हॉलच्या, म्हणजे मिळून खेळायच्या कामांतल्या, मॉन्स्टरची ताकद एकट्याला नि चौघांना सारखीच, म्हणून चौघं लागायचेच. पन्नास मिनिटांची मुदत, तीन कार्ट झाले की सगळ्यांचं काम गेलं. दोन होऊन गेले होते. माझ्या आतेभावाचं रक्त नखभर उरलेलं. तो म्हणाला, "मी मागे थांबतो, तुम्ही मारा." सतरा वर्षांचा मुलगा असं म्हणाला. आम्ही मारला. झांकी आली तेव्हा कुणी वर बघितलं नाही.

भंवरकुआ_चौथा_मजला

झांकी छान आहे, पण तिची आठवण खेळाच्या खात्यावर टाकू नकोस. तू सतरा वर्षांचा होतास, सुटी होती आणि शेजारी आतेभाऊ होता. ती रात्र पत्त्यांवरही अशीच गेली असती.

आता त्या "गैरसोयी"बद्दल. पीएसपीला एकच नब, म्हणजे अंगठ्याने ढकलायची काडी. माणूस चालवायचा अंगठ्याने आणि कॅमेरा फिरवायचा डाव्या बाजूच्या चार बटणांनी, म्हणून तर्जनी वाकडी करून त्या बटणांवर ठेवायची. सगळे त्याला क्लॉ म्हणायचे. मी बारावीत रोज चार-पाच तास तसं धरून खेळलो. मनगट असं धरलं की महिनाभर डाव्या हाताने बादली उचलता येत नव्हती. त्यातून मी काय शिकलो? काही नाही. दुसरी काडी नव्हती, बस. २०११ ला थ्रीडीएस या पुढच्या हातातल्या मशीनवर खेळ आला तेव्हा एका बटणावर कॅमेरा मॉन्स्टरकडे वळायला लागला, तेव्हाही जुने लोक ओरडलेच होते.

तसंच औषध. बाटली प्यायल्यावर शिकारी दोन्ही हात वर करून दंड दाखवत उभा राहायचा, तेवढ्यात टायग्रेक्स येऊन उडवायचा. आता चालता चालता पिता येतं. यात शिकारीचं काय गेलं?

रामबागी

क्लॉ सोडला. त्यावर माझा आग्रह नाही, आणि तुझ्या हाताचं वाचून वाईट वाटलं.

पण बाटली नाही सोडणार. ती दोन सेकंदं धोक्याची होती म्हणून आधी विचार करावा लागायचा: आता पिऊ, की त्याची पुढची धाव होऊन जाऊ दे? जिथे तो दिसत नाही तिथपर्यंत पळू का? बाटली पिणं हा निर्णय होता. आता ती सवय झाली आहे.

शिंगवाली

मी फ्रीडम युनाइटपासून हंटिंग हॉर्नच वाजवते, म्हणजे मारायचं हत्यार नि सोबत्यांचा जोर वाढवणारं वाद्य एकातच. चौदा हत्यारांत सगळ्यात कमी हात ज्याला लागतात त्यातलं हे एक, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं बोलते.

जुन्या हॉर्नला आर बटण दाबून वाजवायच्या पवित्र्यात जावं लागायचं आणि मग एकेक सूर क्रमाने. तेवढा वेळ तुम्ही जागेवर खिळलेले. समोर नार्गाकुगा शेपटी उचलतोय, तुमचे दोन सूर झालेत, तिसरा राहिलाय. तो पूर्ण केला तर चौघांचा जोर वाढणार, सोडला तर सगळं वाया. तेव्हा मला नार्गाकुगाची शेपटी डोळे मिटून दिसायची: आधी अंग खाली दाबतो, मग मागचे पाय रोवतो. सूर पूर्ण होणार की नाही हे मी त्या पायांवरून ठरवायचे. रामबागी म्हणतात तो अभ्यास तो हाच, आणि तो खरा आहे.

राइजमध्ये एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवला की त्याचा परिणाम मिळतो, तोही मारता मारता. मला पहिल्या दिवशी रडू आलं. माझं वाद्य कुणीतरी मुलांच्या खेळण्यासारखं करून टाकलं असं वाटलं.

पण मग माझ्या धाकट्या बहिणीने हॉर्न उचलला. आधी ती माझ्या शिंगाकडे बघायचीही नाही. तिला दुसऱ्यांचा जोर वाढवणं आवडायला लागलं. "ताई, तुला मी आत्ता बरं केलं ना?" असं विचारते. जुना हॉर्न तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता. त्यामुळे मी अजून ठरवू शकलेले नाही, आणि घाईही नाही.

सुदामानगरची_काकू

मी खेळत नाही. आमच्याकडे असे चार होते, म्हणून लिहिते.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही एकत्र बसायचात. मला काय दिसायचं ते सांगते. उन्हाळ्यात लाइट गेली की पोरं बाहेरच्या खोलीत फरशीवर बसायची आणि चार माना खाली. मी पन्हं ठेवून जायचे, अर्ध्या तासाने ग्लास तसेच. एकमेकांच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. मध्येच "मागे, मागे!" एवढंच. आता आमचा मुलगा बंगलोरला आहे, तोही तिकडे रात्री असाच वाकलेला असतो, फक्त कानाला हेडफोन. फरक मला कळत नाही.

रामबागी

काकू, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. माना खाली होत्या हे खरं आहे. पन्हं राहून जायचं हेही खरंच असेल, माझी आई आजही तेच म्हणते.

पण "मागे, मागे!" हे तुम्ही ऐकलंत त्यात बरंच असायचं. कोण घाबरलाय, कोण उगाच पुढे जातोय, कोणाच्या बाटल्या संपल्यात, सगळं आवाजावरून कळायचं. एकाने मध मिसळून मोठी औषधं करून आणली तर तो जाताना दुसऱ्याला दोन द्यायचा. चेहऱ्याकडे बघत नव्हतो, पण एकमेकांवर लक्ष होतं.

पोहे_जिरावण

भिया, तू एक गोष्ट विसरून राहिलास. पीएसपीवरचा पोर्टेबल थर्ड हा भाग आणि स्विचवरचा राइज, दोन्हींचा दिग्दर्शक एकच आहे, यासुनोरी इचिनोसे. म्हणजे ज्याने तुला तुझा जुना हातातला खेळ दिला, त्यानेच घुबड नि कुत्राही दिले. बाहेरून कुणी येऊन खेळ बिघडवला असं झालेलं नाही. आणि पेंटबॉल राइजने नाही काढला, तो २०१८ च्या वर्ल्ड या भागातच गेला, तिथे काजव्यांसारखे किडे वास काढत पुढे जातात. वर्ल्ड तर टीव्हीवरचा खेळ होता.

हातातल्या खेळाचा धर्म काय? बसस्टॉपवर बस यायच्या आत एक शिकार झाली पाहिजे. मी विजयनगरहून राजवाड्याला जातो, बसमध्ये बसायला मिळालं तर पाऊण तास मिळतो. त्यातली वीस मिनिटं रिकाम्या डोंगरावर मॉन्स्टर शोधण्यात घालवू? तुझा फ्रीडम युनाइट घरात बसून खेळायचा खेळ होता, फक्त मशीन छोटं होतं.

रामबागी

इचिनोसेंचं माहीत आहे. म्हणूनच जास्त लागतं. ज्याला शोधण्याची किंमत ठाऊक होती त्याने ती सोडली.

बसचं मात्र मला पटतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वेळ कमी म्हणून शोध काढायचा, की छोट्या रानात छोटं जनावर द्यायचं? जुन्यात कुट-कू होता की. मोठ्या कानांचा, कोंबडीसारखा, पंधरा मिनिटांत संपणारा, आणि तरीही नवख्याला सगळे धडे देणारा.

बंगलोर_नाइटशिफ्ट

माझा भाऊ इंदूरला, मी इथे. पीएसपीवर आम्ही शिकार केली ती एका पलंगावर बसून. खेळात ऑनलाइन सोयच नव्हती. आज मंगळवार-शुक्रवार रात्री अकराला आम्ही राइजमध्ये भेटतो. मध्ये आठ महिने आमचं बोलणं बंद होतं, कारण इथे लिहिणार नाही. त्याने एक दिवस नुसतं क्वेस्टचं, म्हणजे एका शिकारीचं, आमंत्रण पाठवलं, मी गेलो. पहिला अर्धा तास काही बोललो नाही, नुसतं मारत होतो. मग तो म्हणाला, "तुझी धार संपलीय, लाव." तिथून सुरू झालं.

शेजारी बसणं हाच खेळ असता तर आम्ही आज एकमेकांना फोनही करत नसतो.

तेजाजीनगर

मला वेगळंच विचारायचं आहे. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगाह आहे, आपण सगळे शाळेच्या सहलीला तिथे गेलोय. आज ते अभयारण्य आहे, शिकारीचं घर संग्रहालय झालंय. आणि आपण इथे शोधायचं कसं, कापायचं किती यावर भांडतोय. मुलांच्या हातात हेच द्यायचं?

शिंगवाली

@तेजाजीनगर, प्रश्न योग्य आहे. खेळात न मारता पकडताही येतं: जनावर थकून लंगडायला लागलं की सापळा लावायचा, गुंगीचे गोळे मारायचे. मी बहुतेक वेळा तेच करते. पण त्यासाठी ते थकलंय हे ओळखता यायला हवं, आणि राइजमध्ये तेही नकाशावरच्या खुणेने कळतं. इथे मी पूर्ण रामबागींच्या बाजूने आहे. जनावराच्या चालीवरून त्याचा जीव किती उरलाय हे कळणं, यात मला क्रूरपणा वाटत नाही. उलट तिथेच मला त्याची दया यायची.

भंवरकुआ_चौथा_मजला

@रामबागी, मग भाच्याचं काय केलंस? त्याला सांगितलंस का, की तू चुकीचं खेळतोस?

रामबागी

नाही. दुसऱ्या दिवशी त्याला विचारून स्क्रीनच्या नकाशाच्या कोपऱ्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. पहिला अर्धा तास वैतागला. रिकाम्या जागेतून फिरत राहिला, दोनदा "मामा काढ ना" म्हणाला. मग एकदा थांबला, आवाज वाढवला. लांबून डरकाळी आली. त्याने कुत्रा त्या दिशेला वळवला आणि काही न बोलता सरळ गेला.

भंवरकुआ_चौथा_मजला

आणि तिसऱ्या दिवशी?

रामबागी

चिठ्ठी त्यानेच काढली. मित्र ऑनलाइन वाट बघत होते, त्यांना उशीर नको म्हणाला. मी परत लावली नाही.

जाताना विचारत होता की दात भिंतीत रुततात ते जुन्यात दाखवशील का. माझं पीएसपी, २००० मॉडेलचं, कपाटात आहे, डिस्क चालते, पण बॅटरी आता चार्ज धरत नाही, वर्षंच इतकी झाली. ३००० मॉडेलची बॅटरीही त्यात बसते. उन्हाळ्याच्या सुटीत तो परत येणार आहे. कुणाकडे चालू बॅटरी पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. आतेभावाच्या मशीनलाही हवी आहे, तेव्हा दोन असतील तर दोन.