मदत हवी आहे: घरमालक डिपॉझिट परत देत नाहीत (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी. कोथरूडमधला वन बीएचके आम्ही ३१ मार्चला सोडला. महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, किल्ली घरमालक काकांच्या हातात दिली, वीजबिलाची पावती दाखवली. "साठ हजार आठवड्यात टाकतो" म्हणाले. अडीच महिने झाले, फोन उचलत नाहीत. आणि परवा मेसेज: रंगकामाचे चाळीस हजार कापणार! तीन वर्षं राहिलो, भिंती थोड्या मळणारच ना? हॉलमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याचं एक भोक होतं, तेही लांबी भरून बुजवलं. निघताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढलाय.

अडचण अशी की, पहिला अकरा महिन्यांचा करार रजिस्टर होता, पुढचे काकांनी नुसते स्टॅम्प पेपरवर केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरतात. हे कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? आधी वकिलाची नोटीस पाठवू की थेट लघुवाद न्यायालयात जाऊ? नोटिशीला खर्च किती येतो?

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हेच पैसे धरले होते. जीव टांगणीला लागलाय, कृपया अनुभव सांगा.