इन्स्टाने कोल्हापुरीला जगात नेलं म्हणे!

पन्हाळ्याचा_पाऊस
काल कुणीतरी इथं टाकलंय की "इन्स्टामुळे कोल्हापुरी मिलानला पोचली, आता आपला कारागीर थेट जगाशी बोलतोय". वाचून डोकं सणकलं. जून 2025 ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अंगठ्याची चप्पल फिरवली तेव्हा कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ती चप्पल तिथं काय कारागिराच्या पोस्टमुळे गेली नव्हती. बोंब मारली ती आपण, पंख्याखाली बसून. माझ्या गल्लीतलंच सांगतो, पेज पुण्याच्या पोराचं, फोटो त्याचे, डॉलर त्याचे, आणि चपलेची वेणी घालणाऱ्या मावशीला जोडामागे ठरलेले तेवढेच. कोण बोलतंय जगाशी?

स्टुटगार्टची_सून
अहो पण बोंब मारली म्हणूनच आठवड्याभरात प्राडाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र लिहून कोल्हापुरीचं नाव कबूल केलं ना? डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, 2,000 जोड आपल्याकडेच बनवायचे, 800 युरोच्या आसपास एक. हेच 1995 साली झालं असतं तर आपल्याला पत्ता तरी लागला असता का! माझंच सांगते, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कोल्हापूरला पाठवला, तर तिकडून काका विचारतात, "ताई, माप संध्याकाळी घेतलं काय? पाय सुजलेला दिसतोय, सकाळी परत घ्या." इथल्या कुठल्या दुकानात विचारतील? (पाठवणावळ मात्र चप्पलेपेक्षा जास्त पडली, ते सोडा.)

निपाणीकर
लिडकरचं नाव घेतलंत, उपकार झाले. 2019 चा जीआय, म्हणजे कोल्हापुरी नावाचा कायदेशीर हक्क, आठ जिल्ह्यांचा आहे, चार तुमचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. हे कुणी सांगतच नाही.

पन्हाळ्याचा_पाऊस
नाव कोल्हापुरी आहे भावा, निपाणीपुरी नाही.

निपाणीकर
नावाचं काय सांगतोस? माझा आजा अथणीहून जोडांचं गाठोडं घेऊन एसटीनं कोल्हापूरला यायचा, दुकानदार भाव पाडून घ्यायचा आणि वर स्वतःचा शिक्का मारायचा. तुला पुण्याचं पोरगं आज खुपतंय, आमच्याशी तुम्ही तेच केलंय पन्नास वर्षं.

स्टुटगार्टची_सून
विषय चप्पलेचा आहे की सीमाप्रश्नाचा?

निपाणीकर
आमच्याकडं दोन्ही एकच असतंय वहिनी.

पन्हाळ्याचा_पाऊस
दुकानदार कोल्हापूरचे म्हणून सगळं कोल्हापूर चोर? तोंड सांभाळून लिही.

सुभाषनगर_कट्टा
तुमचं झालं असेल तर बोलू का, माझ्या घरात चपला बनतात. कातडं कमवायला बाभळीची साल नि हिरडा काय लागतंय ते बाबांना माहीत, इंग्रजी मेसेजला उत्तर द्यायचं मला माहीत, म्हणून पेज मी चालवतो. कॅनडा, दुबई, सिंगापूर, ऑर्डर येतात, खोटं कशाला बोलू. पण मागच्या वर्षी ऐन दिवाळीत अकाऊंट हॅक झालं, सगळी गिऱ्हाइकं आत आणि आम्ही बाहेर, तक्रार केली की मशीनचंच उत्तर यायचं, माणूस काय भेटला नाही. दीड महिना गेला. बाबा म्हणाले, "वहीत लिहून ठेवायचं असतंय." आता आलेला प्रत्येक नंबर पहिला वहीत जातो. आणि पावसाकाका, पुण्याचं पोरगं डॉलर नेतंय ते खरं आहे, पण पूर्वी पेठेतला व्यापारी न्यायचा आणि पैसे गणपती झाल्यावर द्यायचा. हे पोरगं निदान आधी पाठवतंय.

पन्हाळ्याचा_पाऊस
म्हणजे व्यापारी बदलला एवढंच. बरं, पैसे आधी मिळतात, तेवढं मान्य, खूश? पण ज्याच्या घरात इंग्रजी लिहिणारं पोर नाही त्यानं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही अजून.

सुभाषनगर_कट्टा
शेजारच्या दोन घरांचं मीच लिहून देतो. फुकट. तुम्ही किती घरांचं लिहून देता?

पन्हाळ्याचा_पाऊस
...पेजचं नाव पाठव. बहिणीला दुबईला एक जोड पाठवायचाय. माझं मत बदललंय असं समजू नको.

निपाणीकर
तळ उलटा करून बघ आल्यावर, अथणीचाच असणार.