बासुंदी बाधली की साथ आली, हे कसे ओळखावे?

प्रश्न : मोगरा_पुणे

गेल्या रविवारी माझ्या धाकट्या जावेच्या माहेरी, साताऱ्याला, बारसे होते. दुपारी एकच्या सुमारास पंगत बसली. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, बासुंदी आणि मठ्ठा असा बेत होता. संध्याकाळी आम्ही पुण्याला परतलो आणि त्याच रात्री साडेअकराला माझ्या सात वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. पहाटेपर्यंत पाच उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब आणि अंगात थोडी कणकण असे चालले. मंगळवारी सकाळी तिने स्वतःहून पोहे मागितले आणि त्याच सकाळी माझ्या यजमानांनी अंथरूण धरले. त्या रात्री सासूबाई आजारी पडल्या. गुडघेदुखीमुळे त्या बारशाला आल्याच नव्हत्या, हे सांगायला हवे. काल मीही आजारी पडले.

सासऱ्यांचे ठाम मत आहे की बासुंदी नासकी होती आणि जावेच्या माहेरी फोन करून आचाऱ्याला जाब विचारायला हवा. तिच्या माहेरच्यांनी इतक्या हौसेने केलेल्या कार्यात पुराव्याशिवाय खोट काढायला माझे मन धजत नाही. शनिवारी शाळेच्या बसमध्ये शेजारच्या मुलाला उलटी झाली होती, असे मुलगी म्हणाली होती. बस लागली असेल असे समजून मी ते सोडून दिले. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि एक अँटिबायोटिक आणले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : गावचा_डॉक्टर

गोळ्या तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. आजारी माणूस नेहमी शेवटच्या जेवणावर आळ घेतो. गेली वीस वर्षे मी हे रोज ऐकतो आहे. प्रत्यक्षात जेवण आणि पहिली उलटी यांच्यामध्ये किती तास गेले आणि घरातली माणसे एकदम पडली की एकामागून एक, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

दुधाच्या पदार्थात स्टॅफिलोकॉकस जंतूंचे विष तयार झालेले असेल, तर ते खाल्ल्यापासून अर्ध्या ते आठ तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात, ताप सहसा नसतो, ज्यांनी तो पदार्थ खाल्ला त्यांच्यापैकी बरेच जण त्याच संध्याकाळी आडवे होतात आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सावरतात. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलडाणा जिल्ह्यातील सोमठाणा गावात सप्ताहातील प्रसाद घेतल्यानंतर शेकडो माणसे एकाच रात्री आजारी पडली आणि दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवून उघड्यावर उपचार करावे लागले, ते आठवा. एकाच अन्नातून झालेली बाधा अशी दिसते.

उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला मात्र शरीरात शिरल्यापासून साधारण १२ ते ४८ तास लागतात. शनिवारी दुपारची बस आणि रविवारी रात्रीची पहिली उलटी यांत दीड दिवसाचे अंतर आहे; मुलीच्या उलट्या आणि यजमानांचे आजारपण यांतही तितकेच. त्यात सासूबाईंनी बासुंदीचा थेंबही घेतलेला नाही. दुधावर आळ घेण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. सॅल्मोनेलासारखे जंतू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही डोके वर काढू शकतात, म्हणून निव्वळ घड्याळावर मी पैज लावणार नाही. पण त्यात ताप बहुधा चांगलाच चढतो.

अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचाही उपयोग होत नाही. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना मुळीच देऊ नका आणि ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर मोठ्यांनीही घेऊ नये. खरे औषध जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामी करावी, अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये आणि तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असेच मीठ-साखरेचे द्रावण ड्रमांतून पाजले आणि सुमारे तीस टक्क्यांवर गेलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला.

उलटी झाल्यावर लगेच पेलाभर पाणी पाजण्याची आपल्याकडे घाई असते आणि ते पाणी तसेच बाहेर येते. दहा मिनिटे थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्या. काम कंटाळवाणे आहे, पण ते पोटात टिकते. खाणे तोडू नका. मऊ भात, पेज, ताक चालेल.

सासूबाईंची मला अधिक काळजी वाटते. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर काही गोळ्या अशा आजारपणात काही दिवस थांबवाव्या लागतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, तोंडाला कोरड पडून डोळे खोल गेले, गुंगी आली, शौचातून रक्त पडले किंवा पाणीही पोटात टिकेनासे झाले, तर घरी बसू नये.

उत्तर : पंगतीचा_आचारी

बासुंदीची बाजू सुटली, तर आता भाताबद्दल लिहितो. पन्नास किलोचा भात टोपात तसाच झाकून ठेवला, तर पाच-सहा तासांनीही मधल्या भातात हात घालवत नाही आणि कडेचा मात्र कोमट झालेला असतो. बॅसिलस सेरियस या जंतूला नेमकी तीच ऊब हवी असते. त्याचे बीज शिजवताना मरत नाही आणि उलटी आणणारे त्याचे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही, हे मी अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणात शिकलो. तोवर परतून वाढला की झाले, अशीच माझी समजूत होती. आता उरलेला भात आम्ही लगेच परातींमध्ये पातळ पसरून निववतो आणि फ्रिजमध्ये टाकतो. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावे.

उत्तर : धायरीचा_रहिवासी

डॉक्टरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. साथ आणि अन्नबाधा या दोन वेगळ्या पेट्या नाहीत. हाच नोरोव्हायरस अन्नातून आणि पाण्यातूनही येतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस असे दोन्ही सापडले होते. जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांतली शक्ती जाऊ लागली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर तडक रुग्णालय गाठावे, एवढे आम्ही तेव्हापासून शिकलो आहोत.

सॅनिटायझरवरही विसंबू नका, नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. उलटी झालेली जागा सुवासिक फिनेलने न पुसता क्लोरीनच्या ब्लीचने पुसा, मात्र ते संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. जुलाब थांबल्यावर दोन दिवस मुलीला शाळेत पाठवू नका आणि स्वयंपाकाला आजारी माणसाने हात लावू नये. बरे वाटल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विषाणू शौचातून बाहेर पडत राहतो.

प्रतिसाद : मोगरा_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. बसमधल्या ताईंना विचारले, तर या आठवड्यात सहा मुले पोट बिघडल्यामुळे घरी आहेत. जावेला फोन केला, तो फक्त बाळ-बाळंतिणीची विचारपूस करायला; तिच्या माहेरी सगळे ठणठणीत आहेत आणि उरलेली बासुंदी त्यांनी सोमवारीही खाल्ली. सासूबाईंच्या मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी तीन दिवस थांबवली आहे. माझ्या आजारपणात स्वयंपाक सासऱ्यांकडे होता. आज दुपारपासून त्यांच्याही पोटात कळा येत आहेत. बासुंदीचे नाव त्यांनी सकाळपासून काढलेले नाही, ओआरएसची चव तेवढी वाईट आहे म्हणतात.