गणित शिकवायला कन्व्हर्टिबल लॅपटॉप घ्यायचा आहे, स्क्रीन कोणती बघू?

त्रिज्या:
अकरावी-बारावीला गणित शिकवते. वर्गात स्क्रीनवर पेनने लिहायचं आणि तेच प्रोजेक्टरवर दाखवायचं, घरी उत्तरपत्रिकांच्या पीडीएफवर लाल शाईने खुणा करायच्या, ही दोन मुख्य कामं. सिनेमे, गेम अजिबात नाहीत. प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम ठरलं आहे, अडलंय ते स्क्रीनवर. तीन पर्याय समोर आहेत:
१) १४ इंची आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार), १९२०×१२००, ३०० निट्स (उजेडाचं माप), ६० हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं)
२) १४ इंची ओएलईडी, २८८०×१८००, ४०० निट्स, १२० हर्ट्झ, दहा हजारांनी महाग
३) १३.३ इंची आयपीएस, १९२०×१०८०, जुन्या साठ्यातला, सगळ्यांत स्वस्त
वर्गात डाव्या हाताला मोठ्या खिडक्या आहेत. कोणता घ्यावा आणि का?

आडवाउभा:
तिसरा आधी यादीतून काढा. नडतोय तो त्याचा आकार. उत्तरपत्रिका ए४, म्हणजे २१० × २९७ मिमी. लॅपटॉप दुमडून उभा धरला की स्क्रीनची आखूड बाजू हीच पानाची रुंदी होते. १३.३ इंची १६:९ (लांब आणि आखूड बाजूंचं प्रमाण) स्क्रीनची आखूड बाजू साधारण १६५ मिमी, म्हणजे पान ७९ टक्क्यांवर येतं. १४ इंची १६:१० ची १८८ मिमी, पान ९० टक्के. मुलाने ७ मिमी उंच अक्षर काढलं असेल तर ते १३.३ इंचीवर ५.५ आणि १४ इंचीवर ६.३ मिमी दिसेल. शंभर पेपर तपासताना हा फरक डोळ्यांना कळतो.

शिवाय १४ इंचीची उभी लांबी ३०१ मिमी. पान ९० टक्क्यांवर २६७ मिमी घेतं, वर जवळजवळ ३५ मिमी उरतात. पेनांची पट्टी आणि टास्कबार त्यात बसतात, पानावर चढत नाहीत. ३:२ आकाराची बरीच स्तुती वाचाल, पण १३ इंची ३:२ स्क्रीन फक्त १८३ मिमी रुंद असते आणि पानावर जेमतेम १६ मिमी उरतात. तिचा खरा फायदा वजनाचा. अशीच स्क्रीन असलेला मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ९ टॅब्लेट कीबोर्डशिवाय सुमारे ८८० ग्रॅम आहे. १४ इंची कन्व्हर्टिबल मात्र सहसा १.४ ते १.६ किलोचा असतो, तो एका हातात धरून उभ्याने शिकवणं जमत नाही. टेबलावर ठेवूनच लिहिणार असाल तर १४ इंची १६:१० घ्या.

आता ठिपक्यांची घनता. १९२०×१२०० ला इंचात १६२ ठिपके, एक ठिपका ०.१६ मिमी. २८८०×१८०० ला २४३, ठिपका ०.१० मिमी. टाइप करताना डोळे ५० सेमीवर असतात, तिथे १६२ पुरतात, रफार-अनुस्वारही स्वच्छ दिसतात. पेनने लिहिताना आपण ३५ सेमीपर्यंत वाकतो आणि तिथून डोळा ०.१ मिमीचा फरक ओळखतो. म्हणून दुसऱ्या पर्यायावर तिरक्या रेघा आणि घातांक जास्त सुबक दिसतील, हे मान्य. पण तेवढ्यासाठी दहा हजार मी देणार नाही.

प्रोजेक्टरचं एक लक्षात ठेवा. बहुतेक प्रोजेक्टर १६:९ किंवा ४:३ असतात. ‘डुप्लिकेट’ केल्यावर दोन्हीकडे एकच रेझोल्यूशन लागतं, त्यामुळे १६:१० पडद्यावर किंवा भिंतीवर काळ्या पट्ट्या येतात. बिघाड नाही, घाबरू नका. लिहायला सुरुवात करण्याआधी पेनचं टोक आणि रेघ जुळतात ना, ते मात्र त्याच जोडणीत एकदा तपासा.

निबटोक:
वरच्या उत्तराशी सहमत, पण लिहिणाऱ्याने स्क्रीनच्या आधी पेनची पद्धत विचारावी. ‘टचस्क्रीन’ लिहिलंय म्हणजे पेन चालेलच असं नाही. विंडोजवर मुख्यतः तीन पद्धती भेटतात: मायक्रोसॉफ्टची एमपीपी, वॅकॉमची एईएस आणि वॅकॉमचीच ईएमआर. एका पद्धतीचा पेन दुसऱ्यावर चालत नाही. काही पेन, उदाहरणार्थ वॅकॉमचा बांबू इंक, एमपीपी आणि एईएस दोन्ही बोलतात. ईएमआरच्या पेनला सेल लागत नाही, सॅमसंगच्या ३६० मालिकेतला एस पेन त्याच जातीचा. बाकीच्यांत टाइप-सीने चार्ज होणारा बघा. काही पेनना एएएए सेल लागतो, एएए पेक्षाही बारीक, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

दुकानात ही चाचणी करा. प्लास्टिकची पट्टी स्क्रीनवर तिरकी ठेवून अगदी सावकाश रेघ ओढा. काचेखालच्या संवेदकांच्या जाळीमुळे एमपीपी आणि एईएसमध्ये संथ तिरकी रेघ नागमोडी होऊ शकते. वर्तुळं आणि आलेखाचे अक्ष काढणाऱ्याला हे खुपतं. मग चारही कोपऱ्यांत टोक टेकवून रेघ टोकाखालीच उमटते का बघा. शेवटी तळहात पूर्ण टेकवून दोन ओळी लिहा, मध्ये ठिपके उमटले तर तो लॅपटॉप सोडा.

१२० हर्ट्झचा उपयोग इथे होतो. ६० ला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० ला ८.३. पेनच्या मागे धावणारी शाई तेवढी जवळ येते. आयपीएसमध्ये १२० हर्ट्झ मिळत असेल तर ते घनतेपेक्षा आधी निवडा.

त्रिज्या:
खूप उपयोगी. मग ओएलईडी सोडूनच देऊ का? दिवसाचे पाच-सहा तास पांढरं पान आणि वर तीच पेनांची पट्टी असणार आहे.

प्रकाशमापी:
याच वापरासाठी मी ओएलईडी सुचवणार नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे पूर्ण पांढरं पान म्हणजे जास्तीत जास्त वीज. एकाच जागी रोज तासन्‌तास उजळ राहणारी पट्टी कालांतराने ठसा सोडते. दुसरं, बरीच ओएलईडी पॅनल उजेड कमी करण्यासाठी झपाट्याने बंद-चालू होतात, अनेकदा २४० वेळा सेकंदाला. काहींचं डोकं त्याने दुखतं. फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/१००० वर ठेवून, स्क्रीनचा उजेड ३० टक्के करून बघा. काळे पट्टे सरकताना दिसले की समजावं.

खिडकीबद्दल: चकचकीत काच सरळ पडणाऱ्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. खिडकीतलं आकाश ३००० निट्स धरलं तर १२० निट्सचं धुकं स्क्रीनवर बसतं. मग ओएलईडीचा गडद काळा रंगही १२० निट्सचाच दिसतो. ३०० निट्सच्या पडद्यावर पांढरं-काळं प्रमाण ४२० ला १२०, म्हणजे ३.५ पट, ४०० निट्सवर ४.३ पट. दोन्ही केविलवाणं. तुमच्या सुदैवाने खिडकी डावीकडे आहे. पडद्यात तुमच्या पाठीमागचं दिसतं, आणि टेबलावर आडवा ठेवला तर समोरच्या छताचं. म्हणजे त्रास देईल ती पुढची ट्यूब, तेवढी बंद करा. परावर्तनरोधी लेप असलेली काच मिळाली तर १०० जादा निट्सपेक्षा तिला पैसे द्या.

आणि रंग. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते सांगणारी मापं. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर तो पडदा एसआरजीबीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच रंग दाखवतो. लाल शाई विटकरी दिसते आणि निळ्या शाईतल्या उत्तरावर उठत नाही. ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलेलंच घ्या. पहिल्या पर्यायात हा आकडा तपासल्याशिवाय पैसे भरू नका, १९२०×१२०० आयपीएसमध्ये दोन्ही प्रकार सर्रास विकले जातात.

पाना_पेचकस:
शेवटच्या वाक्यात भर. मालिकेचं नाव एकच असलं तरी आत वेगवेगळी पॅनल असतात, म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. लॅपटॉप आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर, मग डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी उघडा. तिथल्या संकेतावरून पॅनल कुणाचं ते शोधता येतं.

कन्व्हर्टिबलमध्ये टचची काच बहुधा पॅनलला चिकटवलेली असते. त्यानेच पेनचं टोक आणि शाई यांतलं अंतर कमी होतं, पण कोपरा तडकला तरी अख्खा संच बदलावा लागतो. नेहमीच्या वॉरंटीत पडझड येत नाही, अपघाती नुकसानीचं संरक्षण खरेदीबरोबरच घ्या.

वर्गात खडू असेल तर एक गोष्ट. खडूची भुकटी काचेपेक्षा मऊ, तिने ओरखडे पडत नाहीत. पडतात ते धुळीतल्या वाळूच्या कणांनी. म्हणून आधी मऊ ब्रशने झटका, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा. अमोनियाचा काच-क्लीनर वापरू नका, लेप जातो. कागदासारखा खरखरीत फिल्म लावलात तर लिहायला पकड येते, पण अक्षर थोडं धूसर होतं आणि पेनची टोकं लवकर झिजतात, जादा टोकं आधीच मागवा.

बिजागरी बघायची तर स्क्रीन ११० अंशांवर उघडा आणि वरच्या कोपऱ्यात बोटाने दोनदा टकटक करा. एका झोक्यात थांबली तर ठीक. तीन-चार झोके घेतले तर उभ्या स्क्रीनवर पेन चालवता येणार नाही, तंबूसारखा उलटा ठेवून किंवा पूर्ण दुमडूनच लिहावं लागेल.